छाप नसलेल्या रेघा

कंपनीच्या कागदावर त्या यंत्राचं नाव 'ताणस्मृती-मापक' असं भारदस्त होतं, पण सावरघाटच्या वीज केंद्रात सगळे त्याला चित्रगुप्त म्हणत. नाव ठेवलं होतं गोपी मेश्रामनं. गोपीची ड्यूटी बॉयलरच्या वरच्या मजल्यावर, मोठ्या व्हॉल्व्हजवळ. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं हा त्याचा बिनपगारी जोडधंदा.

"आला का वो तुमचा चित्रगुप्त?" मयूरी झाडे यंत्राची गाडी ढकलत आली की तो विचारायचा. "पाहा बाई, त्याचं तोंड माह्याकडे नका करू. माह्या आत काय काय आहे ते इंदूले समजलं तर घरचं जेवण बंद होईन."

"तुझ्या गालात तंबाखूचा खर्रा आहे. तो पाहायला मशीन कशाला पाहिजे?"

"एवढंच दिसते ना? मग चालते."

मयूरीचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं. पुढचं तिनं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून उचललं होतं. नव्या लोकांना शिकवायची वेळ आली की ती शिवणकामापासून सुरुवात करायची. ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून आटवून घ्यायचं असतं, ती सांगायची. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही. मग ब्लाउज नुसता खुंटीला टांगलेला असला, तरी त्याची शिवण ओढलेली दिसते. पोलादी पाइपाला पाइप वेल्डिंगनं जोडला की हेच होतं. वितळलेलं पोलाद गार होताना आकसू पाहतं, शेजारचं गार पोलाद त्याला आकसू देत नाही. बाहेरून कोणी ओढत नसतं, तरी आतल्या आत खेच राहून जाते. पुस्तकात तिला अवशिष्ट ताण म्हणतात.

ही खेच काढायची तर जोडाला शेक द्यावा लागतो. विजेच्या कॉइलींचं पांघरूण जोडाभोवती गुंडाळायचं, लाल होईस्तोवर तापवायचं, तसंच धरून ठेवायचं आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू गार करायचं. नव्या बाळंतिणीला जपावं तसं. वारा लागता कामा नये. घाई केली, की निघालेली खेच परत येऊन बसते.

आणि बसली, की वाट पाहते. कारण असा पाइप रिकामा नसतो. दोरीवर टाकलेला ओला स्वेटर जसा आपल्याच वजनानं लांबत जातो, तसं तापलेलं पोलादही वाफेच्या दाबाखाली वर्षानुवर्षं कणाकणानं सरकतं. सरकता सरकता आत डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. जिथे आधीच खेच आहे तिथे ती लवकर पडतात, एकमेकांना जाऊन मिळतात, आणि एक दिवस त्यांची चीर होते.

इथपर्यंत जुन्या लोकांनाही माहीत होतं. चित्रगुप्ताचं कसब पुढचं. तो पोलादातून न्यूट्रॉनचा झोत सोडायचा, अणूंच्या ओळी कुठे ताणल्यात आणि कुठे दबल्यात याचा नकाशा काढायचा, आणि त्या नकाशावरून उलटं चालत जाऊन सांगायचा, की या जोडाला शेक किती दिला, कसा दिला आणि पांघरूण कधी ओढून काढलं. चिरा वेळेत सापडाव्यात म्हणून कोणा भल्या माणसांनी तो बनवला होता. पण पोलाद बोलायला लागलंय असं कळल्यावर सरकारनं नियम काढला. प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरची आणि शेक देणाऱ्याची छाप ठोकलेली असते; ज्याची छाप, त्याची जबाबदारी. मरेपर्यंत.

फाल्गुनातल्या त्या दुपारी तीन नंबरचं युनिट मंद चाललं होतं. दुपारी आता सगळीच औष्णिक केंद्रं मंद चालतात. राज्यभरातल्या छपरांवरून आणि माळांवरून इतकी सौरवीज येते, की कोळशाच्या विजेला कोणी विचारत नाही. सूर्य मावळला, की मग सगळ्यांना सावरघाट आठवतं आणि बॉयलर घाईघाईनं तापवले जातात. एका तालावर चालायला बांधलेलं ते धूड रोज निजवायचं आणि रोज हलवून उठवायचं, असा खेळ.

गोपीच्या खुर्चीच्या बरोबर वर मुख्य वाफेच्या पाइपाचा बावीस नंबरचा जोड होता. मयूरीनं यंत्र लावलं. पडद्यावर आलेख उमटला. तापवणं ठीक. धरून ठेवणं ठीक. मग सावकाश उतार. आणि उतारावर अर्ध्यात, पाचशे अंशांच्या वर असताना, सरळ कडा. कोणीतरी धगधगत्या जोडाचं पांघरूण ओढून काढलं होतं. त्यापायी जोडाच्या पोटात नखाएवढी चीर होती, आणि आत्ताच्या चालीनं ती हा उन्हाळा काढणार नव्हती.

तिनं शेजारची छाप पुसून पाहिली. पाहायची गरज नव्हती. प्रफुल्ल झाडे. तिचा नवरा.

"काय म्हणते चित्रगुप्त?" गोपीनं खालून विचारलं.

"विचार करतोय," ती म्हणाली.

आलेखातला तो कडा कोणत्या दिवसाचा, हे यंत्राला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. त्यांच्या लग्नाआधीची खंडेनवमी.

खंडेनवमीला सावरघाटात सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पाने, हातोडे, वेल्डिंगची मशिनं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. त्या वर्षी मोठी दुरुस्ती चालू होती. मयूरी नुकतीच कामाला लागली होती. बाईमाणूस म्हणून तिच्या हातात पूजेचं ताट दिलं गेलं, तेव्हा राग यायला हवा होता, पण ताट घेऊन प्रत्येक मशिनीपुढे जायचं म्हणजे शेकवाल्या झाडेंच्या मशिनीपुढेही जायचं होतं, म्हणून तिनं तो पुढे ढकलला. सगळी हत्यारं मांडून झाली. फक्त झाडेंच्या कॉइली नव्हत्या. त्या जोडाभोवती तापत होत्या. वरून फोन आला, की सगळ्या साहित्याचा पूजेसकट फोटो पाठवा. तेव्हाचे दुरुस्ती-प्रमुख सोनकुसरे साहेब म्हणाले, काढा त्या कॉइली, मांडा इथे. कॉइली काढल्या, मांडल्या, मयूरीनं त्यांना कुंकू लावलं. धग तिच्या बोटांना लागली. झाडेंनी तिला पेढा दिला आणि म्हणाले, "भाजलं का?"

पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. त्या फोटोची मोठी प्रत अजून बैठकीत होती. तिच्या आयुष्यातला पहिला आनंदाचा फोटो. आणि मागे, चौकटीबाहेर, उघडा पडलेला बावीस नंबर वाऱ्यात कुडकुडत होता.

ती घरी आली तेव्हा प्रफुल्ल कूलरच्या ताट्या बदलत होता. सेवानिवृत्त होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. मयूरी त्याला अजूनही कामावरच्यासारखं आडनावानंच हाक मारायची.

"झाडे, बावीस नंबर आठवतो?"

त्यानं मान वर केली नाही. "खंडेनवमीचा?"

म्हणजे तोही इतकी वर्षं तो मनात घेऊन फिरत होता.

"मी म्हटलं होतं वो त्याईले," तो म्हणाला. "जोड लाल आहे साहेब, उतरू द्या. तर म्हणे, देवापेक्षा मोठा आहे का तुझा जोड? तू तर बाजूलेच होती, ताट घेऊन."

"मला काय कळत होतं तेव्हा? मी तुमच्याकडे पाहत होते."

"मी पण जोडाकडे कुठं पाहून रायलो होतो." तो हसला. मग हसू त्याच्या चेहऱ्यावर एकटंच राहिलं. "किती चिरला?"

"नखाएवढा. उन्हाळा नाही काढणार."

"खाली कोण बसते?"

"गोपी."

ताटीतलं वाळलेलं गवत तो बराच वेळ दाबत राहिला.

"मी लिहिलं तर तुमची पेन्शन थांबेल," मयूरी म्हणाली. "चौकशी लागेल. लोक बोलतील."

"आणि नाही लिहिलं तर गोपी. मग मले विचारून काय रायली? लिही. छाप मीच ठोकली, कोणी माहा हात धरून नाही ठोकली. लिही म्हणजे ते जोड कापतीन, नवा बसवतीन. माहं काय होते ते पाहू."

तिनं लिहिलं. जे दिसलं ते सगळं, नवऱ्याच्या नावासकट.

सोनकुसरे आता केंद्रप्रमुख होते. त्यांनी तिला बोलावलं, पाणी दिलं, खुर्ची दिली.

"मयूरीताई, तुमच्या प्रामाणिकपणाला तोड नाही," ते म्हणाले. "स्वतःच्या घरचं नाव लिहायला काळीज लागतं. जबाबदारी निश्चित झाली."

"युनिट कधी थांबवायचं, सर?"

"थांबवायचं?"

"जोड कापायला."

"दिवाळीनंतर बघू ना. आता उन्हाळा तोंडावर आहे, संध्याकाळची मागणी तुम्हाला माहितीच आहे."

"पण तो उन्हाळा काढणार नाही असं मी लिहिलंय."

"लिहिलंय, वाचलंय. विमा कंपनीनंही वाचलंय." त्यांचा आवाज समजुतीचा होता. "त्यांचा प्रश्न एकच असतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आतापर्यंत उत्तर नव्हतं, म्हणून ते युनिट बंद करा, बंद करा म्हणून मागे लागायचे. आता उत्तर आहे. त्यांची हरकत संपली."

मयूरीला हे समजायला थोडा वेळ लागला. तिनं नाव दिलं होतं म्हणून दुरुस्ती होणार नव्हती.

"त्या दिवशी कॉइली काढा म्हणून तुम्ही सांगितलं होतं, सर."

सोनकुसरेंनी खरोखरच आठवून पाहिलं. "असेलही. पण ताई, तुमच्या यंत्राला तापमान कळतं. आवाज नाही कळत."

युनिट चालू राहिलं. दुपारी निजायचं, संध्याकाळी उठायचं. प्रफुल्लची पेन्शन थांबली. पानठेल्यावर तो गेला की बोलणी थांबायची. काही दिवसांनी त्यानं जाणं सोडलं. गंमत अशी, की त्याला कोणी फारसं वाईट म्हणत नव्हतं. लोक स्वतःच घाबरले होते. प्रत्येकाच्या मागे अशी एखादी खंडेनवमी होती. शेक देणारी माणसं एकेक करून धंदा सोडायला लागली. कोणी जेसीबी चालवायला गेला, कोणी सासऱ्याच्या दुकानात बसला. ज्या कामाची आठवण पोलाद मरेपर्यंत ठेवतं, ते काम कोण करील?

मयूरीनं गोपीला सांगितलं. सगळं सांगितलं.

"मग मी कुठं बसू?" गोपी म्हणाला. "व्हॉल्व्ह तर इथंच आहे."

"युनियनला सांग. अर्ज दे."

"देल्ला बाई. साहेब म्हणे, पाहतो." त्यानं खुर्ची दोन हात बाजूला सरकवली आणि वर जोडाकडे बघून हात जोडले. "आता झालं ना समाधान? झाडेभाऊले सांगा, माहा काही राग नाही. त्याईनं शेक देल्ला होता, अर्धा का होईना. आमच्या साहेबाइनं तर पंखाही नाही देल्ला."

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी, बॉयलर चढत असताना, बावीस नंबर फुटला. इतकी तापलेली वाफ पांढरी नसते, ती दिसतच नाही. फक्त आवाज येतो आणि वाटेत जे असेल ते संपतं. गोपीनं खुर्ची दोन हात सरकवली होती, त्यानं काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस प्रफुल्लला घेऊन गेले. गुन्हा लिहायला त्यांना कष्ट पडले नाहीत. अहवाल तयार होता आणि नाव त्यात होतं. तो चपला घालताना मयूरीला म्हणाला, "कूलरमध्ये पाणी टाकत जाजो."

गोपीची बायको इंदू दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिनं मयूरीला पाहिलं, पण शिव्या दिल्या नाहीत. मयूरी त्याच तयारीनं गेली होती.

"ताई, गोपी सांगत होता तुमच्या मशीनले सगळं समजते," इंदू म्हणाली. "मग मले तेवढं पाहून सांगा. माहा माणूस कोणामुळे गेला? झाडेभाऊमुळे असंन तर तसं सांगा. मी ऐकून घेईन. पण खरं सांगा."

फाटलेल्या पाइपाचा तुकडा यंत्राखाली ठेवणं मयूरीच्याच वाट्याला आलं, कारण जिल्ह्यात दुसरं कोणी ते यंत्र चालवत नव्हतं. तिनं फाटलेल्या कडेवर झोत फिरवला आणि पडद्याकडे पाहत राहिली.

वैनगंगा ओसरते तेव्हा काठावर गाळाच्या रेघा राहतात, रोजची एक. चिरेच्या अंगावर तशाच रेघा होत्या. बॉयलर रोज निजवला आणि रोज उठवला, की जाड पाइपाची बाहेरची आणि आतली बाजू सारखी तापत नाही. चीर केसभर उघडते आणि आपली खूण सोडते. सुरुवातीची नखाएवढी जागा तिनं फाल्गुनात मोजली होती. ती प्रफुल्लची. त्यापुढे तळहातभर चीर वाढली होती, आणि ती सगळी, अगदी रेघन् रेघ, तिच्या अहवालानंतरची होती. कोणीतरी रोज संध्याकाळी ठरवलं होतं, आज चालवू, आणि पोलादानं तेही लिहून ठेवलं होतं.

मयूरी रडली नाही. तिला जवळजवळ आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी साक्षीला उभं राहिलं होतं.

चौकशी समितीत तिनं रेघा दाखवल्या. समितीच्या बाई हुशार होत्या, त्यांनी दोनदा समजून घेतलं. मग विचारलं, "या पहिल्या भागाशेजारी छाप आहे, झाडे यांची. बरोबर? या रेघांशेजारी कोणाची छाप आहे?"

"रेघांवर छाप नसते, मॅडम. पण त्या दिवशी युनिट चालवायचं कोणी ठरवलं—"

"नियमात छाप म्हटलंय. ठरवणं म्हटलेलं नाही." त्यांना बहुधा वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाहेर व्हरांड्यात सोनकुसरे चहाचे दोन कप घेऊन उभे होते.

"ताई, हट्ट केला तर हे कोर्टात जाईल. माझ्या बाजूनं वकील कंपनीचे, वर्षं लागतील. तोवर झाडे आत. त्यांची प्रकृती मी पाहिली परवा, बरी नाही." त्यांनी कप पुढे केला. "एक ओळ आहे. या रेघा म्हणजे यंत्राचा दोष, वाचनात धरू नयेत, असं तज्ज्ञ म्हणून तुम्ही द्या. प्रकरण जुन्या निष्काळजीपणाचं राहील. दंड होईल, झाडे घरी येतील. इंदूबाईंना अनुकंपावर नोकरीही लावून देतो. कोणाचं वाईट होतंय यात?"

तिनं चहा घेतला नाही. पण कप तिच्या हातात होता, हे तिला नंतर कळलं.

जेलमध्ये प्रफुल्ल जाळीपलीकडे आला तेव्हा त्याला ओळखायला तिला क्षणभर लागला. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. तिनं सगळं सांगितलं, रेघांचंही. तो मन लावून ऐकत होता, जुन्या कामाच्या माणसासारखा मधेच विचारत होता. "तळहातभर? एवढ्या लवकर? मग तर तो माह्या खेचीनं नाही फुटला वो. मी नुसती सुरुवात केली होती." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"मग काय करू? इंदूला मी काय सांगू?"

त्यानं मागे वळून पहारेकऱ्याकडे पाहिलं.

"मागच्या टायमाले तुले लिही म्हटलं ना मी," तो म्हणाला. "तेव्हा मले वाटे, मी लय मोठा माणूस आहे. नाही आहे, मयुरे. इथं सकाळी पाण्यासाठी भांडण होते. मी खालीच झोपतो." त्यानं जाळीवर बोटं टेकवली. "तू सही कर. मले घरी ने."

ती त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिनं सही केली.

प्रफुल्ल घरी आला. दंड भरला, पेन्शन अर्धी सुरू झाली. बैठकीतला फोटो त्यानं कधीतरी काढला असावा, तिनं विचारलं नाही. दोघंही एकमेकांशी जपून बोलायला लागले, पाहुण्यांशी बोलावं तसं. पावसाळ्यानंतर यंत्राच्या कंपनीनं नवी सुधारणा पाठवली. तिच्या त्या एका ओळीचा हवाला देऊन. आता चिरेवरच्या रेघा पडद्यावर क्षणभरच दिसत, आणि शेजारी 'सफाई' नावाचं बटण येई. देशभर सगळीकडे तेच.

इंदू अनुकंपावर लागली आणि तिला मयूरीच्याच हाताखाली दिलं. बाई जात्याच चटपटीत. अस्तराचं उदाहरण एकदा सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे खेच बाहेरून दिसत नाही, पण शिवण बोलते." यंत्र लावायला, झोत नेमका धरायला ती आठवड्यात शिकली. तिची नजर मयूरीपेक्षा बारीक होती.

त्या दिवशी दोघी चार नंबरच्या युनिटवर होत्या. दुपारची वेळ, बॉयलर मंद. खाली दोन माणसं डबा उघडून बसली होती, त्यांच्या ठेच्याचा वास वरपर्यंत येत होता. इंदूनं जोडावर झोत धरला आणि पडद्याजवळ वाकली.

"ताई, हे पाहा. चीर आहे."

"हं. शेजारची छाप वाच. नाव टाक."

"टाकते. पण ताई, ह्या बारीक बारीक रेघा कायच्या वो?"

मयूरीनं खाली डबा खाणाऱ्यांकडे पाहिलं. एकानं भाकरीचा तुकडा वर करून तिला खूण केली, जेवायला या.

"काही नाही," ती म्हणाली. "मशीनचा दोष आहे. त्या मोजायच्या नसतात."

"दोष?" इंदूला ते पटलं नाही. तिनं पडद्यावर बोट फिरवलं, एकेका रेघेवरून, मायेनं. "किती सारख्या आहेत पण. जशी रोज कोणी एक ओढली असंन."

इंदूनं तिच्याकडे पाहिलं, मग चांगल्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली आणि बटण दाबलं.

"झाल्या साफ," ती म्हणाली.